आपांची दुसरी घंटी

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अकोल्यात, भर रस्त्यात, चिसोमो नावाच्या मुलाचा अपमान झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण विषय निघाला की लोक म्हणतात, "हो, ते काहीतरी झालं होतं ना." काहीतरी झालं नव्हतं, अपमान झाला होता. चिसोमो आफ्रिकेतल्या मलावी देशातून आमच्याकडे कपाशीचं शिकायला आलेला. पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढायच्या, गावाबाहेर नेऊन टाकायच्या आणि जाताना "इडापिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडायचं, ही आमच्याकडची रीत. मारबत म्हणजे गावातून हाकलायची पीडा. नागपुरात तिचा मोठा काळा पुतळा निघतो. चिसोमो राहायचा त्या अकोल्याच्या गल्लीत पुतळा नसतो, नुसती आरोळी असते. त्या सकाळी पोरांना पुतळा सापडला. दूध आणायला निघालेल्या चिसोमोच्या हातात त्यांनी फांद्या दिल्या, त्याला पुढे घातलं आणि ओरडत ओरडत नाल्यापर्यंत नेलं. तो नाचत गेला. त्याला वाटलं, आपल्याला सणात घेतलं.

त्याचा व्हिडिओ फिरला. चिसोमोनं तो स्वतःच कौतुकानं आपल्या घरमालकीणबाईंना दाखवला. त्या घरमालकीणबाई म्हणजे आपा. लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

अमरावती-अकोल्याकडच्या वादविवाद स्पर्धांत ज्यानं कधी तोंड उघडलं असेल त्याला घंटीवाल्या आपा माहीत आहेत. इतरांसाठी सांगते. स्पर्धेत वक्त्याची वेळ संपत आली की पहिली घंटी वाजते, संपली की दुसरी. दुसरी वाजली की बसायचं. ही घंटी वाजवण्याचं काम आपा कितीतरी वर्षं करत होत्या. त्या एका उर्दू शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा बंद पडली तेव्हा शाळेची पितळी, लाकडी मुठीची घंटी त्यांनी मागून घेतली. एसटीत वाजू नये म्हणून आतल्या लोलकाला रबर बांधायचं, रुमालात गुंडाळायची आणि भाकरीच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवायची. सभागृहात आल्यावर आधी रबर काढायचं, मग चष्मा घालायचा. हा क्रम कधी चुकला नाही.

घंटी सगळ्यांना सारखी, हा त्यांचा एकमेव गुण होता असं म्हटलं तरी त्यांना राग आला नसता. सख्खी भाची अंतिम फेरीत बोलत होती, टाळ्या सुरू होत्या, शेवटचं वाक्य ओठांवर होतं. आपांनी घंटी वाजवली. भाची मागे जाऊन रडली. आपा डबा घेऊन तिच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "रड, पण भाकर खाय. रडाले बी ताकद लागते."

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मोर्शीहून अमरावतीला शिकायला आले त्या पहिल्याच वर्षी मी एका स्पर्धेत उभी राहिले. दुसरी घंटी वाजली, मी बोलतच राहिले. आपा वाजवतच राहिल्या. सभागृहाला ना माझं ऐकू आलं, ना कोणाचं काही. शेवटी मी बसले. नंतर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वं, घंटी आयकू येत नाही का तुले?"

"येते. पण माझा मुद्दा राहिला होता."

"मुद्दा सगळ्याईचाच राह्यते, पोरी. थो घेऊनच घरी जा लागते."

मी घरी गेले नाही. मी एका विद्यार्थी गटात गेले, जिथं घंटी नव्हती आणि मुद्दे भरपूर होते. आम्ही पत्रकं काढायचो. अमरावतीच्या राजापेठेत शिकवण्या सुटायच्या वेळी उभं राहायचं आणि गाडीला किक मारणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक द्यायचं. आपा भेटल्या की त्यांनाही द्यायचे. त्या उभ्या उभ्या पूर्ण वाचायच्या. वरपासून खालपर्यंत. हे आमच्या गटातल्यांनीही कधी केलं नाही. वाचून झालं की म्हणायच्या, "यातल्या शिव्या काढल्या तं काय उरते पाह्य." मी विचारायचे, "आणि मुद्दा पटला का?" त्या पत्रकाची नीट घडी घालायच्या. "कागद चांगला जाड हाय," म्हणायच्या, आणि पुढच्या स्पर्धेला त्यांची भाकरी त्याच पत्रकात गुंडाळून यायची. तेव्हापासून त्यांनी माझं नाव पाडलं, पत्रकवाली.

त्यांचं एक पालुपद होतं: "सुधरून राहिलं." एसटी उशिरा आली, सभागृहात पंखा नव्हता, पेपरात काही वाईट छापून आलं, तरी आपांचं आपलं "हळू सुधरून राहिलं, बाई." मला त्याचा संताप यायचा. हळू म्हणजे किती? कोणाच्या आयुष्यात? एकदा अकोल्याच्या बसस्टँडवर आमचं चांगलंच जुंपलं. त्या लहान असताना मैत्रिणीच्या घरी तहान लागली की मैत्रिणीची आई वरून ओंजळीत पाणी ओतायची. पेला नाही. आता त्याच मैत्रिणीची नात आपांच्या स्वयंपाकघरात येऊन, झाकण उघडून, पातेल्यातून हातानं वाढून घेते. "हे तुह्या पत्रकात कुठी हाय?" त्या म्हणाल्या. खरं होतं. कुठंच नव्हतं.

मग मी विचारलं, की खोली शोधताना काय झालं होतं? ती गोष्ट त्यांनीच मला आधी सांगितलेली. शिक्षिकेचा कोर्स करायला त्या अमरावतीला आल्या, तेव्हा राजापेठेत पहिल्या घरी नाव सांगितलं, तर खोली कालच गेलेली. दुसऱ्या घरी कालच गेलेली. तिसऱ्या घरीही. दारावर 'खोली भाड्याने' ही पाटी तशीच.

"पण चवथ्या घरी भेटली ना!" आपा म्हणाल्या. "चांगली भेटली. थ्या काकू दिवाळीत मले अनारसे देत."

"आणि पहिल्या तीन घरांचं काय?"

"त्याईचं त्याईच्यापाशी."

आमचं सगळं भांडण यात आलं. आपा चौथं घर मोजायच्या, मी पहिली तीन. माझं म्हणणं सरळ होतं आणि आजही आहे: चौथं घर मिळालं म्हणून पहिल्या तिघांना सोडून दिलं, तर पुढच्या माणसालाही तीन दारं बंदच मिळणार. त्यावर आपांचं म्हणणं, की दारावर दगड मारून कोणी दार उघडत नाही, उलट कडी लावते. बस आली. त्यांनी मला खिडकीजवळची जागा दिली आणि भांडण गाडीतही चालू राहिलं. बडनेऱ्याला त्यांनी शेंगदाणे काढले, तेव्हा थांबलं.

तर चिसोमो. अकोल्यात तो खोली शोधत होता तेव्हा त्यालाही सगळीकडे खोली कालच गेलेली होती. एका घरमालकानं तर विचारलं, "हे लोक खातात काय?" कोणीतरी त्याला आपांकडे पाठवलं. आपांनी वरची खोली दाखवली आणि एकच अट घातली: "दहाच्या आत घरी. माह्या भाच्याईले बी हेच हाय, तुले बी हेच." त्याला अर्ध्यातलं अर्धं समजलं, पण भाकरीचा वास पूर्ण समजला. वर्षभरात तो हिंदी शिकला नाही, मराठी शिकला नाही, आपांच्या स्वयंपाकघरात बसून थेट वऱ्हाडी शिकला. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा सहा फुटांचा तो मुलगा जिन्यातून वाकून खाली आला आणि म्हणाला, "आपा, मले लय भूक लागून राहिली." मी हसून हसून भिंत धरली. आपा अजिबात हसल्या नाहीत. "बस, वाढते," म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून, "तुले काय झालं? भूक कधी पाह्यली नाही का?"

आणि त्या सकाळी त्यानं त्यांच्यापुढे फोन धरला. "आपा, पाह्य, मी नाचून राहिलो. सगळे माह्या मांगं." आपांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग गॅस बंद केला, त्याला पाटावर बसवलं आणि मारबत म्हणजे काय ते सांगितलं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. त्या गल्लीत तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, सगळ्यांना अर्थ माहीत होता, आणि सगळे त्याच्याकडे पाहून गोड हसत होते. सांगितलं फक्त आपांनी. मी नंतर विचारलं, कसं सांगितलं? त्या म्हणाल्या, "जसं हाय तसं. लपवलं असतं तं थो पुढच्या पोळ्याले पुन्हा नाचला असता ना." त्या दिवशी चिसोमो जेवला नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच झालं असावं.

मला कळलं तसा आमचा गट अकोल्याला पोहोचला. पत्रक तयारच होतं. गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे भाऊ. ही पोरं त्यांच्याच मंडळाची, व्हिडिओही मंडळाच्याच फेसबुकच्या पानावर टाकलेला. भाऊ वाईट माणूस नाही, हे मी लिहिते आहे कारण आपांनी ते माझ्याकडून शंभर वेळा म्हणवून घेतलंय. आपांचा नळ बंद पडला की भाऊ माणूस पाठवायचे. दर ईदला शीरखुर्मा प्यायला यायचे, दोन वाट्या प्यायचे. आमची मागणी भाऊंकडे होती आणि ती चिसोमोनंच ठरवली होती: त्याच रस्त्यावर, दिवसाढवळ्या, भाऊंनी एवढं म्हणावं की जे झालं ते चुकलं. आणि व्हिडिओ काढावा. बाकी पोलीस नको, तक्रार नको, पोरांना मार नको.

भाऊ म्हणाले, "अवं, पोरायची मस्करी होती. त्याले बी मजा आली, नाचत होता ना?"

म्हणून आम्ही धरणं धरायचं ठरवलं. गणपती तीन दिवसांवर आले होते. मंडळाचा मांडव गल्लीच्या तोंडाशी उभा राहत होता. बसायचं तर त्याच्यासमोरच, असं मी म्हणाले. सगळ्यांना दिसेल. आम्ही आपांच्याच दाराशी बोलत होतो; त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना एवढं चिडलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"गणपतीच्या मांडवासमोर बसशील? माह्या घरातल्या भाडेकरूसाठी? डोकं ठिकाणावर हाय का तुहं?"

"आपा, निषेध सोयीच्या जागी बसून होत नाही."

"तुह्या सोयीची जागा अमरावतीत हाय. तू संध्याकाळच्या गाडीनं जाशील. मले इथं राहा लागते. उद्या लोक म्हणतीन, बाईनं सणात इघ्न आणलं. मंग थो पोरगा राहीन बाजूले, अन् भांडण होईन दुसऱ्याच गोष्टीवर. पाह्यजे का तुले थे?"

उत्तर माझ्याकडे होतं. उत्तरं माझ्याकडे नेहमीच असतात. पण चिसोमो मधे म्हणाला, "आपाची गोष्ट बरोबर हाय," आणि ज्याच्यासाठी बसायचं तोच म्हणतो म्हटल्यावर आम्ही मांडव सोडला आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापाशी बसलो. विसर्जनापर्यंत रोज. येणारे जाणारे विचारायचे, "कापसाच्या भावासाठी का?" नाही म्हटलं की पुढे जायचे. आपा बसल्या नाहीत. दुपारी डबा पाठवायच्या, भाकरी माझ्याच पत्रकात गुंडाळून. आमच्या गटातल्या एकीनं विचारलं, हा पाठिंबा समजायचा का? मी निरोप पाठवला. उलटा निरोप आला, "जेवण समजा."

आता पुढचं. आमच्याकडे एखाद्याचं चुकलं आणि चुकलं म्हणायचं नसेल, तर त्यावर एक हमखास इलाज आहे: समोरच्याचा सत्कार करून टाकायचा. शाल, नारळ, गुच्छ, फोटो. शाल अंगावर पडली की मागचं सगळं झाकलं जातं. भाऊंच्या नावानं त्या वर्षी अकोल्यात वादविवाद स्पर्धा होती, फिरती ढाल त्यांचीच. आमच्या धरण्यानंतर संयोजकांनी विषय ठेवला: भेदभाव संपत आला आहे, त्याविरुद्धच्या आंदोलनांची आता गरज उरलेली नाही. आणि बक्षीस समारंभात चिसोमोचा सत्कार. भाऊ स्वतः आपांकडे येऊन सांगून गेले. आपा खूश झाल्या. "पाह्य, सुधरून राहिलं. बोलावून राहिले ना त्याले स्टेजवर." मी म्हणाले, "आपा, ते चुकलं म्हणणार नाहीत." त्या म्हणाल्या, "म्हणतीन. स्टेजवर माणूस चांगलंच बोलते."

चिसोमोनं संयोजकांना विचारलं, मी दोन मिनिटं बोलू का? कार्यक्रम भरगच्च आहे, वेळ नाही, असं उत्तर आलं. हे तो आपांच्या टेबलापाशी येऊन सांगत होता तेव्हा मी तिथंच होते. आपा घंटीवरचं रबर काढत होत्या. मग त्यांनी चष्मा घातला.

स्पर्धा झाली. अनुकूल बाजूनं फार छान मुद्दे मांडले. एका मुलानं तर आपांच्या ओंजळीतल्या पाण्यासारखीच गोष्ट सांगितली आणि मला आवडली. प्रतिकूल बाजू ओरडली फार. माझ्यासारखीच. आपांनी सगळ्यांना वेळेवर खाली बसवलं. शेवटचा वक्ता झाला, त्यांनी लोलकाला रबर बांधलं, घंटी रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. त्यांचं काम संपलं होतं.

मग चिसोमोला वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. निवेदक म्हणाले, भाऊ दोन शब्द बोलतील. भाऊ बोलायला लागले. वऱ्हाडच्या आदरातिथ्यावर बोलले. आपला देव सावळा यावर बोलले. मग म्हणाले, "ज्या वऱ्हाडात आपन जमिनीले काळी आई म्हणतो, तिथं रंगावरून भेद कसा असीन?" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून तेच पुन्हा बोलले. काळ्या मातीवरून कापसावर, कापसावरून पांढऱ्या सोन्यावर, तिथून मंडळाच्या रक्तदान शिबिरावर. पळसाच्या फांद्यांपाशी काही आले नाहीत. चिसोमो शालीत घामाघूम होऊन उभा.

मी आपांकडे पाहिलं. त्यांनी पिशवी उघडली. रुमाल सोडला. रबर काढलं, मनगटात घातलं. आणि पहिली घंटी वाजवली.

भाऊ हसले. त्यांना वाटलं, चुकून वाजली. आपांनी चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं, थोडं थांबल्या आणि दुसरी वाजवली. भाऊ बोलत राहिले. आपा वाजवत राहिल्या. जशी माझ्यावर वाजवली होती तशीच. शाळा सुटल्यासारखी घंटी वाजत होती आणि सभागृहात बाकी काही ऐकू येत नव्हतं. संयोजक धावत आले. आपांचा हात थांबेना. शेवटी भाऊच थांबले.

"आपा, मी स्पर्धक नाही," भाऊ म्हणाले. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"हो ना, भाऊ. स्पर्धकाले तरी समजते, वेळ संपली." आपांना माईक नव्हता, तरी ऐकू आलं. "थ्या पोराले म्हणे वेळ नाही. तुमच्यापाशी येवढा उरला होता, त्यातला त्याले देऊन टाका."

चिसोमो माईकपाशी आला. मला वाटलं, इंग्रजीत बोलेल. तो आपांच्या भाषेत बोलला.

"भाऊ, मले शाल नाही पाह्यजे. अकोल्यात लय गरम होते."

सभागृह फुटलं. भाऊही हसले. चिसोमोनं हसू संपेपर्यंत वाट पाहिली.

"त्या दिवशी मले कोनी सांगतलं नाही का मारबत म्हणजे काय. मी नाचलो. मले वाटलं, मी तुमचा झालो. तुमी एक डाव थ्याच रस्त्यावर म्हणा, का हे चुकलं. बस. मंग पुढच्या पोळ्याले मी पुन्हा नाचतो."

एवढंच. पहिल्या घंटीच्या कितीतरी आधी त्याचं संपलं. त्यानं शाल काढली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच ठरवता आलं नाही. आभार प्रदर्शन झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, शाल अंगावर असतानाचा. खाली ओळ: विदेशी विद्यार्थ्याचा हृद्य सत्कार.

बाहेर पडल्यावर मी आपांना मिठी मारली. त्यांना ते आवडायचं नाही.

"आपा, हा निषेध होता. तुम्ही निषेध केला!"

"निषेध-बिषेध काही नाही. वेळ संपली होती."

"पाहुण्यांना वेळ नसते. आजवर कधी वाजवलीत पाहुण्यांना?"

त्या चालता चालता थांबल्या. "मंग थेच चुकून राहिलं होतं इतके वर्ष," म्हणाल्या. "आता सुधरलं."



भाऊंनी ते वाक्य म्हटलं नाही. आठवडाभरात व्हिडिओ निघाला, गुपचूप. आपांना पुढच्या स्पर्धेचं बोलावणं आलं नाही. आता मोबाईलमध्ये सोय असते, असं संयोजकांनी कळवलं. आपांनीच शिकवलेल्या, आता बाप झालेल्या दोघांनी, भाऊंशी वाकडं नको म्हणून, रस्त्यात सलाम करणं सोडलं. नळ बंद पडला तेव्हा माणूस आला नाही. यातल्या कशाचंही आपांनी मला सांगितलं नाही, चिसोमोनं सांगितलं. ईदला मी गेले होते. ट्रेमध्ये शीरखुर्म्याची एक वाटी भरून, झाकून ठेवलेली दिसली. कोणाची म्हणून विचारलं. "येतीन उशिरा," आपा म्हणाल्या. संध्याकाळी परत निघाले तेव्हा ती तशीच झाकलेली होती. मी गाडीत बसले. त्या तिथंच राहिल्या. मांडवासमोर बसायला त्यांनी का नको म्हटलं होतं ते मला त्या दिवशी त्या वाटीवरून कळलं. आणि इतकं माहीत असूनही त्यांनी पिशवी का उघडली, तो प्रश्न उरलाच.

चिसोमोचं शिक्षण संपलं. अकोला स्टेशनवर सोडायला आम्ही दोघी गेलो. आपांनी त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेली घंटी ठेवली. "तिकडं बी असतीनच कोणी ना कोणी भाऊ," म्हणाल्या. लोलकाला रबर कसं बांधायचं ते त्याला दाखवलं. ते त्याला आधीच येत होतं, तरी दाखवलं. "पोळ्याले येजो." तो म्हणाला, "भाऊ बोलले तं येतो." गाडी हलली.

मे महिन्यात आपा गेल्या. अकोल्याचं ऊन आणि त्यांचं वय, डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही. जनाज्याला भाऊ आले. खांदा दिला, दूरपर्यंत दिला, डोळे पुसले. अश्रू खोटे नव्हते. परतताना माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "आपांचा सत्कार कराचा राहून गेला, पोरी." मग भाऊंनी बेत सांगितला: आता आपांच्या नावानं ढाल ठेवायची आहे. ती घंटी काचेच्या पेटीत सभागृहात ठेवायची आहे. आणि स्मरणिकेसाठी मी आपांवर दोन पानं चांगलं लिहावं.

मी विचारलं, "भाऊ, आणि ते वाक्य?"

ते म्हणाले, "आता आपा गेल्या, पोरगा गेला. कोणासाठी म्हणू?"

दोन पानांपेक्षा जास्त झालं आहे. छापायचं तर असंच छापा. घंटी मिळणार नाही, ती मलावीत आहे.

आणि कोणासाठी म्हणायचं, ते मी सांगते. त्या गल्लीतल्या पोरांसाठी, ज्यांना आजही वाटतं की ती मस्करी होती. यंदा शिकायला येणाऱ्या पुढच्या मुलासाठी, ज्याला तुमची खोली पुन्हा कालच गेलेली असेल. पोळा आता जवळ आला आहे. तुम्ही त्या गल्लीत राहत असाल, राजापेठेत राहत असाल, मोर्शीत माझ्या शेजारी राहत असाल, दाराला लावलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच काढणार आहात. त्या सकाळी पडद्याआडून बघू नका. फांद्या घेऊन रस्त्यावर या. ओरडणारी पोरं कोणा माणसाच्या मागे लागलेली दिसली तर आडवे उभे राहा. आणि कोणी नसलं तरी, भाऊ आले नाहीत तरी, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणा, की गेल्या वर्षी इथं झालं ते चुकलं. शाल आणू नका. वेळ केव्हाच संपली आहे, दुसरी घंटीही वाजून गेली. म्हणा.